घरातल्या दोन-तीन कॉम्प्युटरांच्या बॅकअपसाठी कोणती वायरलेस ड्राइव्ह घ्यावी?

बॅटरीवर चालणारी 'वायरलेस हार्ड डिस्क' शक्यतो टाळाच. ती प्रवासात फोनमधले फोटो उतरवायला ठीक. घरासाठी नॅस (NAS, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घ्या. ती केबलने राउटरला जोडायची, कॉम्प्युटर मात्र वायफायवरच राहतात. विंडोजची फाइल हिस्टरी आणि मॅकचं टाइम मशीन या बॅकअपच्या दोन्ही सोयी त्यावर चालतात (मॅक असेल तर टाइम मशीनला सपोर्ट आहे ना, ते आधी बघा). जागा सगळ्यांचा मिळून जेवढा डेटा, त्याच्या दुप्पट तरी हवी.

पहिला बॅकअप केबल लावूनच घ्या. वायफायवर सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी १ टीबीला नऊ तासांच्या वर जातात. नंतर फक्त बदललेल्या फाइली जातात, तेव्हा काही त्रास नाही.

आणि दोन डिस्कची रेड १ (RAID 1, दोन्ही डिस्कवर सतत तोच डेटा ठेवायची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते.