किडनी डॅमेजचे मार्कर म्हणून लघवीतली प्रोटीन्स मोजायची आहेत, कुठलं मास स्पेक्ट्रोमीटर घ्यावं?

कुठली प्रोटीन्स मोजायची ते ठरलेलं असेल तर ट्रिपल क्वाड्रुपोल (ठरलेली मोजकी प्रोटीन्स नेमकी मोजणारं मशीन), नवीन मार्कर शोधायचे असतील तर ऑर्बिट्रॅप (वस्तुमान अगदी अचूक मोजणारं मशीन). मशीनचं एवढंच. पण गोठवलेलं सॅम्पल बाहेर काढल्यावर त्याचं काय करणार आहात ते तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

आमच्या लॅबमध्ये यावरून कित्येक महिने वाद चालला होता. -२० डिग्रीच्या फ्रीजरमधल्या ट्यूब वितळल्या की तळाला पांढरट गाळ बसायचा, आमचे सीनियर सेंट्रीफ्यूज करून तो सरळ फेकायचे आणि वरचं स्वच्छ तेवढं ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीनचे तुकडे (पेप्टाइड) करणाऱ्या एन्झाइमला, डायजेशनसाठी द्यायचे. मी म्हणायचो, सर, त्या गाळात क्षारांबरोबर युरोमोड्युलिन जातंय, निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त असतं ते हेच प्रोटीन, ते एकमेकांत गुंतून जाळं करतं आणि दुसरी प्रोटीन्सही त्यात अडकतात, मग जे फेकलं ते मोजणार कसं? उत्तर एकच, कॉलम (मशीनच्या आधी पेप्टाइड वेगळे करणारी बारीक नळी) चोक होईल. एकाच पेशंटच्या दोन ट्यूबचे आकडे जुळेनात तेव्हा दोष कॉलमला दिला, नवा कॉलम आला, आकडे तसेच. मग मी उरलेल्या ट्यूब ३७ डिग्रीला गरम करून, गाळ विरघळेपर्यंत व्होर्टेक्सवर जोरात ढवळून मगच सॅम्पल घेतलं आणि जोड्या जुळायला लागल्या. सर आजही त्याला योगायोग म्हणतात. योगायोग नव्हता तो.

तेव्हा पेशी काढायला सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं ते लघवी ताजी असताना, गोठवायच्या आधी. ठेवायचं -८० ला, कारण -२० ला अल्ब्युमिनसुद्धा कमी भरतं. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (हाही एक किडनी मार्कर) हवं असेल तर पीएच बघा, अॅसिडिक लघवीत ते टिकत नाही. आणि तुलनेसाठी माहीत प्रमाणात घालतात ते हेवी लेबलचं (जड आयसोटोपचं) पेप्टाइड डायजेशननंतर टाकलंत तर डायजेशन अर्धवट झालेलं त्यातून कळणार नाही, जमलं तर अख्खं लेबल्ड प्रोटीन सुरुवातीलाच टाका.

लघवी पातळ-दाट असते म्हणून आकडे क्रिएटिनिनने भागाल ते ठीक, पण अक्यूट इंजुरीत लघवीतलं क्रिएटिनिनच घटतं आणि रेशो उगाच फुगतो. एनगॅल (NGAL, किडनी इंजुरीचं मार्कर प्रोटीन) वाढलं की लगेच किडनी असं धरू नका, युरिन इन्फेक्शनमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधूनही ते येतं.

आणि हो, पेशंटसाठी रोजच्या वापरात अजून साधा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोच चालतो, तीन महिन्यांहून जास्त काळ ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम किंवा वर राहिला तर क्रॉनिक आजार धरतात. लघवीतल्या २७३ पेप्टाइडचा सीकेडी२७३ (सीकेडी म्हणजे क्रॉनिक किडनी आजार) पॅनल आहे, २०२० ला आलेल्या प्रायॉरिटी ट्रायलमध्ये त्याने किडनीच्या आजाराच्या धोक्यातले डायबेटिक पेशंट आधीच ओळखता आले, पण त्यांना स्पायरोनोलॅक्टोन देऊन फायदा दिसला नाही. म्हणून मार्करचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, ते औषधाचं अपयश आहे.

तुमचे गाइड पण "वरचं स्वच्छ पुरे" म्हणाले तर वाद घालत बसू नका. एकाच लघवीचे दोन भाग करा, एक गाळ विरघळवून, एक गाळ फेकून, आणि दोन्हीतले युरोमोड्युलिनचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा.