पाण्यावरच लिही

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. पोरी,

तुझं पत्र आणि तू मत्स्यव्यवसाय खात्याच्या गस्तीवर केलेल्या पंचनाम्याचे फोटो, दोन्ही पोचले. फोटोंचं शेवटी बोलतो. आधी बोललो तर तू रुसशील आणि पुढचं वाचणार नाहीस.

तू लिहिलंयस, "सर, रापणवाले म्हणतात पर्ससीनवाल्यांना धरा. पर्ससीनवाले म्हणतात, डोक्यावर कर्ज आहे, चार महिन्यांचा धंदा आहे, पोटावर पाय देऊ नका. मला दोघांचंही पटतं. मग मी नेमकी कुणाच्या बाजूची?" आणि त्याखाली बारीक अक्षरात, बदलीचा अर्ज करू का.

बारीक अक्षरातलं आधी. अर्ज करायचा तर कर, पण 31 डिसेंबरनंतर. पर्ससीनला परवानगी 1 सप्टेंबरपासून तेव्हापर्यंत. जाळं पाण्यात असताना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, घरी जात नाही, तूही जाऊ नकोस. जानेवारीत मला पुन्हा विचार. तेव्हाही तुझी इच्छा असेल तर अर्जाचा मसुदा मीच करून देईन. मसुदे मला चांगले जमतात, नोकरीत तेवढंच एक निर्विवाद कमावलं.

आता बाजूचं. तू बार्शीकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिलास तो रत्नागिरीला कॉलेजात गेल्यावर. म्हणून तुला वाटतं की इथल्या लोकांना दर्या कळतो, तुला नाही, तेव्हा कुणाचं तरी ऐकायला हवं. अगं, इथे जन्मलेल्या मलाही दोघांचं पटायचं. रापणवाला ऑक्टोबरात किनाऱ्यावर चाळीस माणसं लावून दोर ओढतो आणि जाळ्यात दोन टोपल्या पेडवे येतात, तेव्हा त्याचा संताप खोटा नसतो. बांगड्याचा थवा किनाऱ्याकडे सरकण्याआधीच बाहेर कुणा पर्ससीनवाल्याने त्याला वेढा घालून, बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी ओढून, सगळाच्या सगळा उचललेला असतो. आणि पर्ससीनवाल्याचं कर्जही खोटं नसतं. त्याच्या बोटीवरची नेपाळी पोरं तर या भांडणात कुठेच नाहीत, ती पगारासाठी आलीत. त्यांच्यावर कधी ओरडू नकोस. बोलायचं ते तांडेलाशी.

पण कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला तुला तिथे नेमलेलंच नाही. ते 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशात ठरलंय, 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात ठरलंय, 2021 च्या दुरुस्तीत ठरलंय. चुकीचं ठरलं असेल तर त्यासाठी मोर्चे आहेत, कोर्ट आहे, विधानसभा आहे. तुझ्या वाट्याला एकच काम येतं आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही. ती बोट त्या रात्री, त्या घटकेला कुठे होती, पाणी किती होतं, जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, किती होता, माशाची लांबी किती होती, हे लिहिणं. आणि ते पाण्यावर लिहिणं. धक्क्यावर नाही, ऑफिसात नाही, चहा पिऊन झाल्यावर नाही.

पाण्यावरची रेघ म्हणून लोक हसतील. हसू देत.

हे मला कसं कळलं ते सांगतो. तुला आधी अर्धंच सांगितलं होतं.

नोकरीला लागून दुसरं वर्ष. दिवाळीच्या आधीची काळोखी. तेव्हा आमच्याकडे भाड्याची गस्ती नौका होती आणि तिचं इंजिन पाठलागापेक्षा खोकण्यात जास्त पटाईत. पाण्यात उभं जाळं सोडणारा एक म्हातारा गिलनेटवाला आठवडाभर रोज येऊन सांगत होता, "सायबानू, ट्रॉलर आत येतत. माझी जाळी फाडून गेले." ट्रॉलरला किनाऱ्यालगत ठरावीक वावांच्या आत जाळं ओढायला बंदी, आमच्या पट्ट्यात हद्द 10 वावांची. म्हणजे साठ फूट पाणी. त्या रात्री आम्ही गेलो आणि खरंच सापडला. जाळं पाण्यात, बोट हद्दीच्या आत, दिवे विझवलेले. म्हाताऱ्याचं फाटलेलं जाळं त्याच्या पंख्यात अडकलेलं. याहून उघडी केस असू शकते का?

मी काही लिहिलं नाही. दर्या खवळलेला होता, मला उलट्या होत होत्या, हात थरथरत होता. म्हटलं, बंदरात नेऊ, उजेडात बसू, नीट अक्षरात लिहू. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला गर्व होता. बंदरात पोचलो तर धक्क्यावर शंभर-दीडशे माणसं. त्यातला एकजण मालकाचा भाऊ, एकजण पंचायतीचा सदस्य, एकजण नुसताच जोरात बोलणारा. ऑफिसातला फोन वाजायला लागला. या गोंधळात पंख्यातलं जाळं कुणी कापून नेलं ते आजही मला माहीत नाही. सकाळी नऊ वाजता मी सुंदर अक्षरात पंचनामा लिहिला आणि त्यात लिहिलं, "अंदाजे 8 वाव पाण्यात".

तेव्हा अशा केसेस तहसीलदारांपुढे चालायच्या. समोरच्या वकिलाने कायद्याचं एक कलम काढलं नाही. त्याने फक्त विचारलं, "साहेब, अंदाजे म्हणजे किती? 7? 9? 11 ही अंदाजे 8 होऊ शकतात का?" मी गप्प. "दोरी सोडून पाणी मोजलं होतं?" नाही. "किती वाजता?" रात्री. बस्स. मालक सुटला. सरकारी कागदात मी वापरलेला तो एक शब्द मला अजून झोपेत ऐकू येतो.

म्हातारा भांडला नाही. तो नंतरही वाटेत भेटायचा, हसायचा, बायको-पोरांची चौकशी करायचा. पण ट्रॉलर आत आल्याचं त्याने मला पुन्हा कधीही सांगितलं नाही. नोकरी 31 वर्षं केली, त्यात लोकांनी शिव्या दिल्या, एकदा माझ्या मोटारसायकलच्या टाकीत वाळू घातली. त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हाताऱ्याचं सांगणं बंद झालं, ते लागलं.

म्हणून पाण्यावर लिही. उलटी आली तर उलटी कर, तोंड पूस आणि लिही. शिसपेन्सिलने लिही, ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही. तुझ्या जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लिही आणि पकडलेल्या बोटीच्या जीपीएसवरचेही लिही. दोन्हींत थोडा फरक येईल, येऊ दे, तोही लिही. फिशफाइंडरच्या पडद्यावर खोली दिसते, त्याचा फोटो वेळेसकट काढ. तांडेलाची सही घे. तो नाही म्हणाला तर "सही करण्यास नकार दिला" असं लिहून पंचांच्या सह्या घे. पंच समुद्रात उगवत नाहीत, ते निघतानाच सोबत घ्यायचे. अंधारात एकटीने दुसऱ्या बोटीवर चढायचं नाही, आणि ही सूचना नाही, ताकीद आहे.

एवढं कशासाठी, तर जो सापडतो तो एकच वाक्य बोलतो, "आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो." राज्याची हद्द तिथे संपते, किनाऱ्यापासून सुमारे 22 किलोमीटरवर. मालवणचा असो, रत्नागिरीचा असो, कर्नाटकातल्या मलपीहून आलेला हायस्पीड ट्रॉलर असो, वाक्य तेच. त्या वाक्यापुढे तुझा राग चालत नाही, भाषण चालत नाही. आकडा चालतो, आणि तोही तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत लिहिलेला.

एलईडीवाल्यांचं, म्हणजे पाण्यावर प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांचं, आणखी कठीण. 2017 पासून बंदी आहे, 2021 नंतर दंड लाखांत गेला, पण युक्ती बघ. दिव्यांची बोट वेगळी, जाळ्याची बोट वेगळी. दिवेवाला म्हणतो माझ्याकडे जाळं कुठाय, जाळंवाला म्हणतो माझ्याकडे दिवा कुठाय. तुझी बोट दिसली की जनरेटर बंद. मग तुझ्याकडे काय उरतं? किती वाजता उजेड दिसला, कोणत्या दिशेला, तो कधी विझला, तिथे पोचल्यावर कोणत्या दोन बोटी एकमेकींपासून किती अंतरावर होत्या. हे सगळं जाता जाताच लिहावं लागतं, पोचल्यावर नाही. आता 2025 च्या जानेवारीपासून ड्रोन उडतात म्हणून ऑफिसात बसलेले खूश आहेत. चांगलंच आहे. पण ड्रोनला जाळ्याचा आस मोजता येत नाही आणि तांडेलाची सही घेता येत नाही. मी जुन्या वळणाचा आहे म्हणून बोलतो असं तुला वाटेल. वाटू दे.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ, "मी एका लहान होडीवाल्याची पापलेटं धरली आणि त्याच रात्री मोठी पर्ससीन निसटली, लोक मला हसले." हसणारच. मी तुला सांगत नाही की हसण्याकडे लक्ष देऊ नकोस, कारण ते शक्य नाही. पण तुझी चूक नक्की कुठली? पापलेट साडेतेरा सेंटिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही, असं 2023 साली 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवताना ठरलं. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. एकीकडे मान आणि दुसरीकडे बाजारात तळहाताएवढी पापलेटं टोपलीने, हे तू पाहतेसच. सातपाटीपासून खाली कुणालाही विचार, पापलेट कुठे गेलं ते सांगतील. पिल्लं उचलली तर पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण? तू पट्टी लावून मोजलंस, लहान होती, लिहिलंस. बरोबर केलंस. मोठी बोट निसटली ती तुझ्या नौकेच्या इंजिनामुळे, तुझ्या न्यायबुद्धीमुळे नाही.

इथे तू म्हणशील, सर, तुम्हाला बोलायला काय जातं. जातं गं. माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाची बोट होती. एका सप्टेंबरात, गणपती नुकतेच गेले होते, त्याच्या जाळ्याचा आस मी मोजला आणि तो बारीक भरला. मी लिहिलं. तिथेच, त्याच्या बोटीवर, तो माझ्याकडे बघत असताना. चार वर्षं तिच्या माहेरच्या गणपतीला आम्हाला बोलावणं नव्हतं. पाचव्या वर्षी ती एकटी गेली.

लोक म्हणाले, मेव्हण्याला धरणं सोपं होतं म्हणून धरला, नाव होतं ना कडक साहेबाचं. त्याच आठवड्यात एक मोठी बोट माझ्यापुढून निघून गेली होती हेही खरं आहे. पण ती वेगाने गेली, मी जाऊ दिली नाही. या दोन्हींत फरक आहे. तो फरक मी बायकोला किती वेळा समजावला असेल! तिने एकदाच विचारलं, "दंड भरायचाच होता तर तुम्ही त्याला दोन दिवस आधी घरी येऊन सांगितलं असतं, की जाळं बदल, तर चाललं नसतं का?" मी म्हटलं, मग बाकीच्यांनाही घरी जाऊन सांगायला हवं होतं. हे उत्तर बरोबर होतं. आजही मला बरोबर वाटतं. कधी कधी वाटतं की सगळ्यांच्याच घरी जायला हवं होतं, ऑगस्टमध्ये, जाळी अजून वाड्यावाड्यांत विणत होते तेव्हा, हातात पट्टी घेऊन. तेवढा वेळ होता मला. गेलो नाही.

तू पुढच्या ऑगस्टला जा. 1 तारखेला पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठते, पण पुष्कळजण नारळी पौर्णिमेची वाट बघतात, तेवढ्यात दहा-बारा वाड्या होतील. रागावलेल्या माणसाशी बोलण्यापेक्षा जाळं विणत बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. पण हा झाला पुढच्या वर्षाचा विचार, आणि त्याने पाण्यावर लिहिण्यातून तुझी सुटका होत नाही.

आता फोटो.

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. वेळ आहे, अक्षांश-रेखांश आहेत, मापपट्टीवर ठेवलेल्या माशाचा फोटो आहे, त्यात आकडे स्पष्ट दिसतात. पंचांच्या सह्या आहेत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग सातव्या ओळीत, "अंदाजे 40 किलो".

तुला मी काय म्हणू?

खाडाखोड करू नकोस, पंचनाम्याला आता हात लावायचा नाही. मासळी नाशवंत म्हणून तिचा लगेच लिलाव झाला असं तू लिहिलंयस. मग लिलाव करणाऱ्याच्या वहीत वजन असणारच, आणि ते तुझ्या अंदाजावर नाही, काट्यावर घेतलेलं असणार. त्या पानाची प्रत त्याच्या सहीने घे आणि सहायक आयुक्तांकडे अहवाल पाठवताना पुरवणी जबाबासोबत जोड. 38 भरलं तर 38 लिही, 43 भरलं तर 43. उद्या सकाळी सातच्या आत त्याला गाठ. बाजार उठला की तो घरी जाऊन झोपतो आणि संध्याकाळपर्यंत फोन उचलत नाही, मी ओळखतो त्याला.

अमावास्या तेरा दिवसांवर आहे. पेन्सिली मालवणात चांगल्या मिळतात, बसस्टँडसमोर.

तुझा,
सर