खेळाडू मुलगी, महिला महाविद्यालय आणि फीचा हिशेब

अमेरिकेत वाढणारी मुलगी पोहण्यात किंवा फुटबॉलमध्ये चमकू लागली की घरात ‘स्पोर्ट्स स्कॉलरशिप’चे बोलणे सुरू होते. स्मिथ, वेल्सली, माउंट होल्योक किंवा ब्रिन मॉर मनात असेल, तर ते बोलणे तिथेच थांबवा. ही चारही महिला महाविद्यालये एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटात खेळतात आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. बार्नार्ड या महिला महाविद्यालयाच्या मुली कोलंबिया विद्यापीठाच्या संघातून डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात उतरतात, पण कोलंबिया ज्या आयव्ही लीग या विद्यापीठ-गटात आहे तिथेही हाच नियम.

याचा अर्थ तिथे खेळ नावापुरता आहे असा नाही. मुलींचे कॉलेज बास्केटबॉल स्मिथमध्येच रुजले. सेंडा बेरेन्सन यांनी १८९३ मध्ये पहिला सामना भरवला. मैदानाचे तीन भाग केलेले, हातातला चेंडू हिसकावायला बंदी. पुढे १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद इमॅक्युलाटा या छोट्या महिला कॉलेजने जिंकले. मग शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या संघांवरही खर्च करणे भाग पडले, आणि त्या पैशापुढे छोटी कॉलेजे मागे पडली. तरी वेल्सलीने २०१६ मध्ये डिव्हिजन थ्रीचे रोइंगचे (नौकानयनाचे) विजेतेपद मिळवलेच.

मग खेळाचा उपयोग कुठे? प्रवेशात. दहावीपासून मुलीने स्वतः प्रशिक्षकांना ईमेल लिहावी. आईबाबांनी लिहिलेली ईमेल लगेच ओळखू येते आणि छाप वाईट पडते. त्यात शाळा संपण्याचे वर्ष, जीपीए (गुणांची सरासरी), खेळातली जागा किंवा वेळा, पुढच्या सामन्यांच्या तारखा आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ एवढे पुरे. दुबई, सिंगापूर किंवा लंडनहून अर्ज करत असाल तर पोहण्याच्या वेळा कोणत्या तलावातल्या ते लिहा. अमेरिकन कॉलेजे २५ यार्डांच्या तलावात मोजतात, तुमच्या वेळा मीटरमधल्या. १०० मीटर म्हणजे सुमारे १०९ यार्ड, त्यामुळे नुसता आकडा दिला तर चांगली पोहणारीही संथ वाटते.

बॅडमिंटन खेळणाऱ्या मुली आपल्याकडे भरपूर. एनसीएएच्या अजिंक्यपदांत बॅडमिंटन नाही, पण ब्रिन मॉरचा संघ आहे.

अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात अनेक प्रशिक्षक गुणपत्रिका आणि बारावीचे विषय मागवून प्रवेश विभागाला दाखवतात. याला ‘प्री-रीड’ म्हणतात. उत्तर अनुकूल आले तरी तो प्रवेश नव्हे, हे लक्षात ठेवा. नंतर बहुतेक वेळा ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करा असे सुचवले जाते, आणि घोळ इथेच होतो. तो अर्ज बांधून घेतो: प्रवेश मिळाला की इतर अर्ज मागे घ्यायचे. कॉलेजने देऊ केलेली आर्थिक मदत अपुरी पडली तरच सुटका. म्हणून सही करण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरील ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता घरून किती भरावे लागेल याचा अंदाज) भरा आणि आलेला आकडा प्रशिक्षकाला नव्हे, आर्थिक मदत कार्यालयाला विचारून पक्का करा.

मुलगी एच-४ वर (आई किंवा वडिलांच्या एच-१बी नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर हा कॅल्क्युलेटर बहुधा फसवतो, कारण तो नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी बेतलेला असतो. सरकारी मदत तिला मिळत नाही. शिवाय २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे शिक्षण चालू असतानाच एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागू शकतो. कार्यालयाला दोन प्रश्न लेखी विचारा: तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी धरणार का, आणि पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर नंतर मागता येते का? अनेक कॉलेजांत दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असते.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र पालक मोजतच नाहीत. कॉलेजची आर्थिक मदत खेळावर अवलंबून नसल्याने गुडघा दुखावला किंवा दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेच्या तासांपायी संघ सोडला, तरी त्यापायी एक डॉलरही कमी होत नाही.