मुलं ३५, मोठी माणसं दोन

या वेळी आलेल्या पत्रांमधली तीन एकाच दुखण्याची आहेत, मुलांच्या गटांना मदतीची माणसं मिळण्याची आणि टिकण्याची, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवून ही तीनच घेतेय.

प्रश्न : ताई, नाशिकला आमच्या कॉलनीच्या ग्राउंडवर मी आणि एक मैत्रीण मिळून चार वर्षं मुलांचा गट चालवतोय, शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते सात. खो-खो, लेझीम, पाऊस असला की हॉलमध्ये गोष्टी. सुरुवातीला १२ मुलं होती, आता ३५ झालीत, सात ते पंधरा वयाची. आधी आम्ही पाच जणी होतो, एकीची बदली झाली, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तिसरी नुसतीच यायची बंद झाली. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा टाकलं की स्वयंसेवक हवेत, तर अंगठे आले, जोडलेले हात आले, ‘खूप छान उपक्रम’ आलं, माणूस एक नाही आला. लोकांना पोरं फुकट सांभाळून हवीत, बाकी काही नको. बंद करावं का?

उत्तर : निदान दिवाळीपर्यंत तरी नका करू. राग समजतो, पण खरं सांगू का, ‘स्वयंसेवक हवेत’ एवढंच वाचून मीसुद्धा आले नसते. काय करायचं, किती वेळ, सुटका कधी, काहीच नाही त्यात. वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की एकदा हो म्हटलं की सगळे शनिवार-रविवार गेले. आणि ग्रुपवर दोनशे माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे १९९ आहेतच की.

आमच्या गटातलं सांगते. एक आजोबा नातीला सोडायला यायचे आणि दोन तास कठड्यावर पेपर वाचत बसायचे, वर्षभर हेच. एकदा फक्कीने मैदान आखताना सुतळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून मी हाक मारली, काका, जरा धरता का. धरलं. मग म्हणाले, रेघ वाकडी येतेय तुमची. येतच होती, चार वर्षं येत होती. पुढच्या शनिवारी ते स्वतःची सुतळी घेऊन आले, आठ चौकोन जिथे जिथे पडायचे तिथे गाठी मारलेली, गाठींवर लाल शाई लावलेली, दोन्ही टोकांना जमिनीत ठोकायला मोठे खिळे. पंधरा मिनिटांत मैदान तयार. जन्मभर बांधकाम खात्यात नोकरी केलेली माणसं ती, आणि आम्ही त्यांना नुसते ‘पालक’ म्हणून वर्षभर कठड्यावर बसवून ठेवलं होतं. नंतर तीन वर्षं एक शनिवार चुकला नाही. स्वयंसेवक व्हा असं विचारलं असतं तर बीपीचं कारण सांगून मोकळा झालो असतो, हे त्यांनीच मला सांगितलंय.

तर तुम्ही दोघी आधी कागद घेऊन बसा आणि तुम्ही काय काय करता ते सगळं लिहून काढा, अगदी चिंधी कामंसुद्धा. हजेरीची वही, पाण्याचा जार, प्रथमोपचाराची पेटी, न आलेल्या मुलांच्या घरी फोन, लेझीम मोजून पोत्यात भरणं, हॉलची चावी. यातली निम्मी कामं अशी निघतील की ज्यांना मुलांशी बोलता येण्याची गरजच नाही, एखादी तर ग्राउंडवर न येतासुद्धा होईल. मग प्रत्येक कामापुढे एकेका माणसाचं नाव लिहा आणि त्या माणसाला जाऊन भेटा, मेसेज नको. ‘तुमचं अक्षर चांगलंय, सहा शनिवार हजेरी लिहाल का, साडेपाचला या आणि सहाला जा’, असं. सहा झाले की खरंच सोडा, वर चहाला बोलवा. सुटका होते हे एकदा दिसलं की माणूस परत यायला घाबरत नाही.

आणि कृपा करून आयांना फक्त नाश्ता आणि बाबांना फक्त ग्राउंड असं वाटू नका. माझ्या ओळखीत एका गटाला खो-खोची सगळ्यात चांगली शिट्टी मारणारी मिळाली ती शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळलेली आई होती, आणि तिला दीड वर्ष सगळे पोह्यांचंच विचारत होते.

कधी विचारायचं हेही बघा. जूनमध्ये नको, ॲडमिशन, वह्या, दप्तरं यातून कोणी डोकं वर काढत नाही. मी म्हणेन अनंत चतुर्दशी झाली की लगेच. गणेश मंडळाची पोरं दहा दिवस रांगा लावत, लाइटिंग बघत, वर्गणीचा हिशोब करत असतात आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एकदम रिकामी होतात, चेहरे बघा त्यांचे. वर पितृपक्ष लागलेला असतो. लोक म्हणतात पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये, पण त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, संध्याकाळी सगळे घरीच सापडतात. विचारून ठेवायला काय हरकत आहे, सुरू करा की घटस्थापनेला.

आणखी एक, ३५ मुलांना दहा मोठी माणसं लागतातच असं नाही. स्काउटमध्ये सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि मुलांमधलाच एक संघनायक, छोट्या संघांची ही पद्धत १९०७ च्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरापासून चालत आलीय, तिथे २० मुलं होती आणि चार तुकड्या. तुमचे सात-सातचे पाच संघ होतात. चौदा-पंधरा वर्षांची जी पोरं आता मागे उभी राहून टवाळक्या करत असतील त्यांना द्या संघ. मुलं सांभाळायची जबाबदारी मोठ्यांचीच राहते, पण ‘रांग लावा, रांग लावा’ म्हणून घसा बसायचा थांबतो.

ती तिसरी मैत्रीण जी नुसतीच यायची बंद झाली, तिला फोन करा. परत ये म्हणायला नाही, का सोडलंस ते विचारायला. मला शंका आहे की तुम्ही दोघी इतक्या सराईत झालात की तिला दोन तास बाजूला उभं राहण्यापलीकडे काही उरलंच नाही. चुकत असेन तर सोडून द्या.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय. बँकेतून निवृत्त झालो, वय ६१. जवळच्या एका मुलांच्या गटात गणित आणि बुद्धिबळ शिकवायला जायची इच्छा होती. त्यांनी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, दोन ओळखीच्यांचे नंबर घेतले आणि म्हणाले की कुठल्याही मुलासोबत एकट्याने खोलीत बसायचं नाही, स्कूटरवरून घरी सोडायचं नाही. आयुष्यभर लोकांच्या पैशाला हात लावला, एक रुपयाचा डाग नाही. हा अपमान नाही का?

उत्तर : काका, बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असायच्या ना? कॅशियरवर संशय होता म्हणून? हे तेच आहे.

तुम्हाला मिळालेला गट चांगला आहे, सोडू नका. उलट जिथे ‘या या, उद्यापासूनच या’ म्हणतात तिथे मला धास्ती वाटते, कारण माणसं मिळत नाहीत म्हणून आलेल्याला काहीच न विचारणं ही चूक फार गट करतात, आणि मुलांच्या वाईटावर असलेला माणूस नेमका असाच गट शोधतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) २०२० मध्ये जे नियम आले त्यात शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असं आहे. नियमात शब्द कर्मचाऱ्यांचा आहे, पण मुलासाठी पगारी सर आणि बिनपगारी काका यात काय फरक? दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तुमच्यासारख्या बँकवाल्यांना फॉर्मचं काय.

एकट्याने न बसण्याचा नियम तर तुमच्याही फायद्याचा. उद्या कोणी काही बोललं तर दुसरा मोठा माणूस तिथे होता हे सांगता येतं. आणि गटात गेल्यावर हेही विचारून घ्या की एखाद्या मुलाने काही सांगितलं तर काय करायचं. असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं या कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे, ‘आपसात मिटवू’ चालत नाही, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन नंबर आहे, तो भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावलाय का ते बघा. आमच्याकडे कितीतरी दिवस तो ट्यूबलाइटच्या शेजारी होता.

बुद्धिबळ मात्र शिकवाच, आणि मोकळ्या ओट्यावर पट मांडलात तर बघायला आणखी चार मुलं गोळा होतील.

प्रश्न : मी एफवायला आहे, वय १९. एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) एका वस्तीतल्या मुलांच्या गटात जातो. तिथले सर आम्हाला खुर्च्या लावायला आणि फोटोत उभं राहायला सांगतात. मग तास भरले की पोरं यायची बंद होतात आणि सर म्हणतात आजकालच्या मुलांना चिकाटीच नाही. मला खरं तर यायचंय पण असं नाही. (कोल्हापूर)

उत्तर : अरे, तुझं बरोबर आहे. एनएसएसचे वर्षाला १२० तास म्हणजे काही थोडे नाहीत, एवढ्यात एका मुलाचं वाचन मार्गी लागतं. सरांकडे जा आणि तक्रार न करता मागून घे, ‘ही पाच मुलं माझी, दर बुधवारी एक तास, परीक्षेपर्यंत’. परीक्षेच्या महिन्यात येणार नाहीस हे आधीच सांगून टाक, मुलांनाही सांग, ती वाट बघतात.

तुझ्या वयाला लोक कच्चं समजतात, पण १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा कोणाच्या जिवावर चालल्या? कालपर्यंत रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्याच. त्या पाच मुलांमधला एखादा चौदा-पंधराचा असेल तर त्याच्या हातात आत्ताच हजेरीची वही दे, तू टीवायला गेलास की तुझ्या जागी तोच.

आणि हा अंक सरांच्या टेबलावर ठेवून ये, तुझं नाव छापलेलं नाही.