ठरलेला हक्क : जकात, रोजा, फित्रा आणि ईद यांविषयी वाचकांचे प्रश्न

रमजान जवळ आला की या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत पैशांचे प्रश्न वाढतात, आणि ते वाढावेत हेच योग्य. श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'ठरलेला हक्क' आहे, असे कुरआन सांगते (सूरह मआरिज, आयत २४-२५). हक्क ठरलेला म्हटला की किती, केव्हा आणि कुणाला हे नेमके विचारावेच लागते. अंदाजाने दिलेले दान चांगलेच, पण जकात, म्हणजे मालातून दर वर्षी द्यायचे सक्तीचे दान, अंदाजाने देता येत नाही. खालील उत्तरे प्रामुख्याने इस्लामी धर्मकायद्याच्या हनफी मतानुसार आहेत. त्याच कायद्याची दुसरी परंपरा, म्हणजे शाफई मत, जिथे वेगळे पडते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : माझ्याकडे लग्नातले सुमारे ६० ग्रॅम सोने आहे. मला स्वतःचे उत्पन्न नाही. सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) साडेसात तोळे असल्याने माझ्यावर जकात नाही, असे घरचे म्हणतात. हे बरोबर आहे का?

तुमच्याकडे फक्त सोने असेल, आणि चांदी, रोकड, बँकेतली शिल्लक किंवा व्यापाराचा माल यांपैकी काहीच नसेल, तर घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. सोन्याचा निसाब २० मिस्काल, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. चांदीचा २०० दिरहम, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. (काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, हे आकडे ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात.) पण असा 'निव्वळ सोन्याचा' माणूस क्वचितच सापडतो. कपाटात बाजूला ठेवलेली थोडी रोकड असली, चांदीचे पैंजण असले, की हनफी मतानुसार सगळ्यांची किंमत एकत्र करायची आणि ती बेरीज चांदीच्या निसाबाशी ताडून पाहायची. चांदी आज सोन्याच्या मानाने फार स्वस्त असल्याने ६० ग्रॅम सोने ती मर्यादा सहज ओलांडते. हजरत पैगंबरांच्या (स.) काळात २० दीनार (सोन्याची नाणी) आणि २०० दिरहम (चांदीची नाणी) यांचे मोल साधारण सारखेच होते. आता त्यांत मोठी दरी पडली आहे, आणि ज्या मापाने गरिबाचे भले होते ते माप फुकहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) उचलले आहे.

शाफई मतात नेहमी अंगावर घालण्याच्या, रिवाजाला धरून असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या सोन्यावर मात्र आहे.

किंमत धरायची ती जकातीच्या दिवशीच्या बाजारभावाने, म्हणजे ते सोने विकले तर जे मिळेल ते. घडणावळ धरायची नाही, जडवलेले खडेही धरायचे नाहीत. त्या किमतीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, ही जकात. रोख नसेल तर १.५ ग्रॅम सोनेच देता येते. आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या पत्रात ती गृहीत धरलेली दिसते : सोने तुमच्या मालकीचे आहे, म्हणून जकातही तुमच्यावर आहे, पतीवर नाही. तुमच्या परवानगीने त्यांनी भरली तर अदा होईल. तुम्हाला न विचारता भरली तर मात्र होणार नाही.

प्रश्न : माझी शिल्लक वर्षभर वरखाली होते. प्रत्येक रकमेला वर्ष पूर्ण झाले की नाही हे कसे पाहायचे?

प्रत्येक रकमेचे वेगळे वर्ष मोजायचेच नाही. बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो. ज्या चांद्र तारखेला तुमच्याकडे पहिल्यांदा निसाबाइतका माल आला, ती तुमची जकातीची तारीख. समजा ती ७ रज्जब आहे. पुढच्या ७ रज्जबला तुमच्याकडे जे असेल त्या सगळ्याचा हिशेब करायचा, मग त्यातली काही रक्कम आदल्याच आठवड्यात आलेली का असेना. मधल्या काळात शिल्लक निसाबाखाली गेली आणि शेवटी पुन्हा वर आली, तरी हनफी मतात वर्ष तुटत नाही. काहीच उरले नाही, अगदी शून्यावर आले, तरच नवी तारीख सुरू होते. शाफई मतात मात्र निसाब वर्षभर सलग राहावा लागतो.

तारीख आठवत नसेल तर नीट आठवून पाहून, मन ज्या तारखेवर ठरेल ती कायम करा. ती रमजानमध्येच असावी अशी अट नाही.

इंग्रजी तारखेने हिशेब ठेवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सौर वर्षाने अडीच टक्के देत राहिलात तर दर वर्षी अकराएक दिवस मागे पडतात आणि साधारण ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. सौर वर्ष पाळणे अगदीच भाग असेल तर दर २.५७७ टक्के धरा. पण हिजरी तारीख लिहून ठेवणे त्याहून सोपे आहे.

प्रश्न : घराचे कर्ज चालू आहे. ते वजा करून जकात काढायची का? आणि काय काय हिशेबात धरायचे?

धरायचे ते हे : सोने-चांदी, रोकड, बँकेतली शिल्लक, परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी, आणि विकण्यासाठी ठेवलेला माल आजच्या विक्रीच्या भावाने. राहते घर, वापरातले वाहन, भांडीकुंडी, धंद्याची यंत्रे आणि दुकानातली कपाटे यांवर जकात नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवरही नाही. भाड्यातून जे शिल्लक राहिले तेवढेच मोजायचे. विकून नफा मिळवण्याच्या इराद्यानेच घेतलेला भूखंड मात्र व्यापाराचा माल ठरतो, आणि लोक नेमका तोच विसरतात.

देणे वजा होते, पण आत्ता फेडायचे असलेले. वीस वर्षांचे कर्ज एकदम वजा केले तर भल्याभल्या सधन माणसावरही कधी जकात लागणार नाही. म्हणून आजचे अनेक आलिम फार तर येत्या वर्षातले मुद्दलाचे हप्ते वजा करू देतात. ते मत आम्हाला न्याय्य वाटते. शाफई मताच्या प्रचलित बाजूनुसार कर्ज जकात अडवतच नाही.

उदाहरण, चलन कोणतेही असो : सोन्याची किंमत ३,००,०००, शिल्लक १,२०,०००, येणे ३०,०००, बेरीज ४,५०,०००. वर्षाचे देणे ५०,००० वजा. उरले ४,००,०००. भागिले ४०, म्हणजे जकात १०,०००.

प्रश्न : विधवा बहीण आमच्याच घरात राहते. तिचा खर्च जकातीतून धरता येईल का? आणि धाकट्या भावाकडून येणे असलेली रक्कम जकात म्हणून सोडून दिली तर?

बहिणीला जकात जरूर द्या. तिच्याकडे गरजेपलीकडे निसाबाइतका माल नसावा, एवढे पाहा. नातेवाइकाला दिलेल्या सदक्यात (दानात) सदकाही असतो आणि नाते जोडणेही, असे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आले आहे. वर्ज्य आहेत ते आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे आणि पती-पत्नी एकमेकांना. यांचे पालनपोषण तसेही तुमच्याकडेच येते. सय्यद म्हणजे बनू हाशिम (पैगंबरांचे घराणे) यांनाही जकात चालत नाही. त्यांना भेट म्हणून द्यावे.

पण ताटात वाढलेले जेवण जकातीत धरू नका. जकातीत घेणाऱ्याला मालक करावे लागते. रक्कम किंवा वस्तू बहिणीच्या हातात द्या, पुढे ती कशी वापरायची हे तिचे ती ठरवील. याच कारणाने मशिदीच्या बांधकामाला किंवा विहीर खोदायला जकात देता येत नाही, कारण तिथे मालक होणारा कुणी गरीब माणूस नसतो.

भावाचे देणे माफ केले तर पुण्य आहे, जकात मात्र अदा होत नाही. तो खरोखर गरजू असेल तर जकातीची रक्कम त्याच्या हाती द्या. तो तिचा मालक झाला, की मनाने तुमचे देणे फेडू शकतो. 'परत दे' अशी अट घालून मात्र द्यायचे नाही.

'ही जकात आहे' हे सांगण्याची मुळीच गरज नाही. नियत (इरादा) तुमच्या मनात हवी, देताना किंवा रक्कम वेगळी काढून ठेवताना. ईदची भेट म्हणून दिलीत तरी चालते. एका वाचकाने वाटपाची छायाचित्रे काढण्याविषयी विचारले होते, त्याचेही उत्तर इथेच : उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असे सूरह बकरात (आयत २६४) स्पष्ट शब्दांत आहे. मदतीची पिशवी घेणाऱ्याचा चेहरा चारचौघांत दाखवणे हे मन दुखावणेच आहे.

प्रश्न : बँकेचे व्याज जकातीत दिले तर चालेल?

नाही. जकात तुमच्या हलाल मालातून निघते. व्याजाची रक्कम मुळात तुमची नाहीच. ती सवाबची (पुण्याची) नियत न करता गरजूला देऊन टाकायची, आणि जकात वेगळी काढायची.

प्रश्न : नमाज पढताना मनात श्रद्धेविषयी नको त्या शंका येतात. माझे इमान गेले का?

नाही, आणि तुम्हाला त्याची भीती वाटते हीच मोठी खूण आहे. सहाबांनीही (पैगंबरांच्या साथीदारांनीही) हीच तक्रार केली होती की, मनात असे काही येते जे ओठांवर आणणेही आम्हाला भयंकर वाटते. 'हे तर उघड इमान आहे,' असे उत्तर त्यांना मिळाले (सहीह मुस्लिम). इमान म्हणजे अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, अखेरचा दिवस आणि तकदीर यांवर मनापासूनचा विश्वास. येऊन जाणारा विचार वेगळा आणि मनाने धरलेली भूमिका वेगळी. शंका आली की 'अऊजु बिल्लाह' (मी अल्लाहचा आश्रय घेतो) म्हणा आणि तिच्याशी वाद न घालता नमाज पुढे चालू ठेवा. त्यासाठी रकात (नमाजचा एक फेरा) पुन्हा पढत बसू नका, त्याने वसवसा (शंकेचा चाळा) वाढतो.

प्रश्न : सहेरीत (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणात) अजान संपेपर्यंत खाल्ले तर चालते ना?

चालत नाही. मर्यादा सुबह सादिकची आहे, म्हणजे क्षितिजावर आडवा उजेड फाकण्याची. फजरची (पहाटेच्या नमाजची) अजान ती वेळ झाल्यावरच होते, म्हणजे अजान चालू असताना घेतलेला घास वेळ टळल्यावरचा. तो रोजा कजा करावा, म्हणजे नंतर भरून काढावा लागेल. रोजा आहे हे विसरून पोटभर खाल्ले तरी रोजा तुटत नाही. आठवताच तोंडातले बाहेर काढा. वुजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुणे) करताना मात्र रोजा लक्षात असूनही पाणी घशाखाली गेले तर हनफी मतात रोजा तुटतो. कफ्फारा (दंडाची भरपाई) नाही, एक रोजा कजा. म्हणून रोज्यात खळखळून गुळण्या करू नयेत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी रोजे बंद केले. फिदया (रोज्याऐवजी द्यायचे दान) किती द्यायचा?

आधी हे विचारा : हिवाळ्याच्या लहान दिवसांत, अंतर ठेवून, त्यांना रोजे जमतील का? जमणार असतील तर फिदया नाहीच, कजा आहे. बरे होण्याची आशा उरलेली नसेल तरच फिदया. एका रोज्याला एका फित्र्याइतका (फित्रा म्हणजे ईदच्या नमाजपूर्वी द्यायचे दान), म्हणजे अर्धा साअ (धान्याचे जुने माप) गहू (साधारण पावणेदोन किलो) किंवा त्याची किंमत. ३० रोज्यांचे साडेबावन्न किलो होतात. शाफई मतात रोज्याला एक मुद्द, म्हणजे साअचा चौथा हिस्सा धान्य. फिदया दिल्यावर पुढे ताकद आली तर हनफी मतात ते रोजे ठेवावे लागतात आणि दिलेला फिदया नफल (ऐच्छिक) सदका ठरतो.

प्रश्न : फित्रा गव्हानेच का काढतात? आणि ईदनंतर दिला तर?

गव्हानेच काढावा असे नाही. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या हदीसमध्ये एक साअ धान्य, जव, खजूर, पनीर आणि मनुके असा उल्लेख आहे. तेव्हा गहू महाग होता. पुढे हजरत मुआविया (रजि.) यांनी शामचे (सीरियाकडचे) दोन मुद्द गहू एक साअ खजुराच्या बरोबरीचे मानले, आणि हनफी फिकहमधला (धर्मकायद्यातला) अर्धा साअ गहू याच बरोबरीशी जुळतो. आता गहू स्वस्त आणि मनुके महाग, तरी सधन माणूसही सर्वांत लहान आकड्यावर सुटका करून घेतो. फित्रा अदा होतो, यात वाद नाही. पण ज्याला जमते त्याने खजुराच्या किंवा मनुक्यांच्या पूर्ण साअने, म्हणजे साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोच्या हिशेबाने काढावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. शाफई मतात तेथल्या मुख्य धान्याचा पूर्ण साअ, साधारण अडीच ते तीन किलो.

फित्रा स्वतःचा आणि अजाण मुलांचा काढायचा. रोजा ठेवला नसला तरी तो माफ होत नाही. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही हनफी मतात काढायचा. शाफई मतात आदल्या सूर्यास्तापूर्वी जन्मलेल्याचा. वेळ ईदच्या नमाजपूर्वीची आहे. नमाजनंतर दिलात तर देणे फिटते, पण फित्र्याचा खास सवाब जातो. गरिबाच्या घरी ईदच्या सकाळीच चूल पेटावी म्हणून तर तो आहे, त्यामुळे दोन-चार दिवस आधीच पोहोचवा.

प्रश्न : ईदच्या नमाजला उशिरा पोहोचलो तर जादा तकबीर ('अल्लाहु अकबर' म्हणणे) कशा म्हणायच्या?

हनफी पद्धतीत सहा जादा तकबीर आहेत. पहिल्या रकातीत सना (सुरुवातीची स्तुती) झाल्यावर तीन : दोनदा हात उचलून सोडायचे, तिसऱ्यांदा बांधायचे. दुसऱ्या रकातीत किरातनंतर (कुरआन पठणानंतर) तीन, तिन्ही वेळा हात सोडायचे, आणि चौथ्या तकबीरला हात न उचलता रुकूत (कमरेतून वाकण्याच्या स्थितीत) जायचे. बहुतेकांची गफलत इथे होते. तिसऱ्या तकबीरलाच वाकतात. (शाफई पद्धतीत पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच, दोन्ही किरातच्या आधी.)

इमाम किरात करत असताना पोहोचलात तर तकबीर तहरीमा (नमाज सुरू करणारी तकबीर) म्हणून लगेच तीन तकबीर म्हणा आणि हात बांधून ऐका. इमाम रुकूत असेल आणि उभ्याने तकबीर म्हणण्याइतका वेळ नसेल, तर रुकूत जाऊन हात न उचलता त्या म्हणा. पहिली रकात पूर्ण चुकली असेल तर इमामच्या सलामनंतर उठून आधी फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) व सूरह पढा, मग तीन जादा तकबीर, मग रुकू. जमातच (सामूहिक नमाज) संपली असेल तर दुसऱ्या ठिकाणी नमाज बाकी आहे का ते पाहा. हनफी मतात ती एकट्याने पढता येत नाही, शाफई मतात येते. आणि सलामनंतर लगेच गळाभेटीला उठू नका. ईदचा खुतबा (प्रवचन) नमाजनंतर असतो, तो संपेपर्यंत बसून ऐका.