प्री-टेस्ट पोस्ट-टेस्टला टी-टेस्ट लावायची, पण कुठली?

ताई, तुमचं काम असं समजलो. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या शाळेत सहावीच्या दोन तुकड्या, एकीला अपूर्णांक कागदाच्या घड्या घालून शिकवले, दुसरीला नेहमीसारखे फळ्यावर, दोघींच्या आधी-नंतर चाचण्या झाल्या, आणि आता डिझर्टेशनचे गाईड म्हणतात टी-टेस्ट लाव, म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा ते तपास.

आधी एकच तुकडी घेऊया. मुलं तीच आहेत ना, मग पेअर्डच, म्हणजे एकाच मुलाच्या दोन मार्कांची जोडी धरणारी. चुकून इंडिपेंडंट, म्हणजे दोन वेगळ्या गटांसाठी असलेली, लावली तर काय होतं बघा. समजा 25 मुलं, सरासरी 11 वरून 14 झाली, दोन्ही वेळा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मार्कांचा सरासरीभोवतीचा पसारा, 6. इंडिपेंडंटने टी येतो 1.77, फरक खरा म्हणायला लागतो निदान 2.01, म्हणजे फरक पडला नाही असं लिहून तुम्ही मोकळ्या. आता प्रत्येक मुलाच्या नंतरच्या मार्कांतून आधीचे वजा करून वेगळा कॉलम करा, त्याचं डेव्हिएशन समजा 4 आलं, 25 चं वर्गमूळ 5, 4 भागिले 5 म्हणजे 0.8, 3 भागिले 0.8 म्हणजे 3.75, आणि इथे 2.06 पुरतो. मुलं तीच, मार्क तेच! हुशार मूल दोन्ही वेळा वर असतं, कच्चं दोन्ही वेळा खाली, ती तफावत वजाबाकीत गळून जाते.

नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण, आहे का तेसुद्धा ह्या फरकाच्या कॉलमचं बघायचं, मार्कांचं नव्हे. मुलं थोडी आणि फरक फारच एका बाजूला झुकलेले असतील तर टीऐवजी विलकॉक्सन साइन्ड रँक ही क्रमांकांवर चालणारी टेस्ट. नुसतं पास-नापास असेल तर मॅकनेमार टेस्ट.

पण तुमचा खरा प्रश्न दोन तुकड्यांचा आहे आणि इथेच बहुतेक डिझर्टेशन घसरतात. दोन्ही तुकड्यांना वेगवेगळी पेअर्ड लावतात, एकीत पी (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.05 च्या खाली हवी) 0.04, दुसरीत 0.06, आणि लिहितात की नवीन पद्धत सरस. असं कृपया करू नका, ह्यात दोन तुकड्यांची एकमेकींशी तुलना झालीच नाही. मधे गणेश चवथीची सुट्टी गेली, ट्यूशन झाली, तोच पेपर दुसऱ्यांदा आला, मार्क तर फळ्यावाल्यांचेही वाढणारच. म्हणून दोन्ही तुकड्यांच्या वाढीची तुलना इंडिपेंडंट टीने करा, नाहीतर अँकोव्हा लावा, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशेबात धरून केलेली तुलना: पोस्टचे मार्क आणि कोव्हेरिएट (हिशेबात धरायची बाब) म्हणून प्रीचे. मला अँकोव्हा जास्त पटते. मात्र तुकड्या तयार मिळाल्यात, चिठ्ठ्या टाकून केलेल्या नाहीत, त्यामुळे सुरुवातीलाच सरासरीत मोठं अंतर असेल तर ह्या दोन रीती वेगळी उत्तरं देऊ शकतात, संख्याशास्त्राचे अभ्यासक फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1967 मध्ये हेच दाखवलं. तेव्हा दोन्ही निकाल द्या आणि ते अंतरही स्पष्ट लिहा.

डिचोलीच्या एका शिक्षिकेला मी मदत करत होतो, मुलं घाबरू नयेत म्हणून त्यांनी पोस्टच्या पेपरवर नावं घेतलीच नव्हती. दोन गठ्ठे घेऊन आम्ही अक्षरं जुळवत बसलो, शेवटी जोड्या सोडून द्याव्या लागल्या, सगळ्या वर्षाची मेहनत आणि हातात तो 1.77 सारखा टी. तुमच्या पेपरांवर हजेरी नंबर आहेत ना? असतील तर एक्सेलमध्ये एका मुलाला एक ओळ, तुकडी, प्री, पोस्ट एवढं भरा, आणि पोस्टला गैरहजर असलेली मुलं किती आणि कुठल्या तुकडीतली ते मला कळवा.