तीनदा भरलेला गॅस गेला कुठे?

प्रश्न: मी नाशिकला राहतो. वडिलांना दमा आहे, म्हणून मे २०२३ मध्ये दीड टनाचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घेतला. पूर्ण वॉरंटी एक वर्षाची होती, कंप्रेसरची दहा वर्षांची आहे. गेल्या चौदा महिन्यांत कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने ‘प्रेशर कमी’ म्हणत तीनदा गॅस भरला, दरवेळी ३,२०० रुपये घेतले. दोन पावत्या आहेत, तिसरी दिलीच नाही. परवा नवा माणूस आला. त्याने हीटिंग चालू ठेवून गेज लावला आणि सांगितलं, ‘प्रेशर ३७० आहे, गॅस जास्त झालाय. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलाय, आता कंप्रेसर गेला तर वॉरंटी मिळणार नाही.’ आमच्याकडे बाहेरचं कुणीही आलेलं नाही. एसीचे पैसे परत मिळतील का?

उत्तर: तुम्ही हीटिंगचा उल्लेख केलात हे फार बरं झालं, कारण तिथेच त्या माणसाचा आरोप लंगडा पडतो. हॉट अँड कोल्ड एसीत फोर-वे व्हॉल्व्ह असतो, तो गॅसची दिशा उलटवतो. बहुतेक स्प्लिट एसींमध्ये गेज लावायची जागा आउटडोअर युनिटच्या जाड पाइपवर असते. कूलिंगमध्ये त्या पाइपमधून थंड, कमी दाबाचा गॅस कंप्रेसरकडे परततो. एसीत आर-३२ किंवा आर-४१०ए जातीचा गॅस असेल तर तिथे साधारण १२० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास दाब दिसतो. हीटिंग लावलं की त्याच पाइपमधून कंप्रेसरमधला तापलेला गॅस घरात येतो, आणि तिथे ३५० ते ४०० दिसणं अजिबात वावगं नाही. म्हणजे नुसत्या ३७० या आकड्यावरून गॅस जास्त झाला असं ठरत नाही. मग तुमच्यावर ‘बाहेरच्या मेकॅनिक’चा ठपका कशाच्या जोरावर?

आधीचं ‘प्रेशर कमी’ हेही तितकंच कच्चं आहे. फिल्टर किंवा इनडोअर कॉइल कचऱ्याने भरली, ब्लोअर हळू फिरला, गॅसचा प्रवाह आवरणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोक झाला, तरी कूलिंगमध्ये दाब उतरतो. आणि गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुतेकदा पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी. नायट्रोजन भरून गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम ओढायचा आणि युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, याला दुरुस्ती म्हणतात. गळती न शोधता तीनदा टॉप-अप करून तुमच्याकडून ९,६०० रुपये घेतले, याचा मला मनापासून राग येतो.

आता कायदा. ‘वॉरंटी संपली’ हे उत्तर तुम्हाला ऐकवलं जाईल. त्याला दबू नका. तुमची तक्रार वॉरंटीपेक्षा त्या तीन सशुल्क सेवांवर जास्त भक्कम उभी राहते. पैसे घेऊन केलेल्या कामातला कमीपणा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) खालची सेवेतील त्रुटी. ग्राहकाला द्यायची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्याच व्याख्येत येतं. म्हणून प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची नोंद, मागा: दाब किती होता, मशीन कूलिंगवर होतं की हीटिंगवर, गॅस किती ग्रॅम भरला, गळती तपासली का. ही मागणी ईमेलने करा, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर ते मौनही तुमच्या कामाचं आहे. तिसरी पावती न देणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते. ते पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा काढा. व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत दिलेलं बरं.

एसीची पूर्ण किंमत परत मिळेल का? खोटी आशा देणार नाही, इतका वापर झाल्यावर ते अवघड आहे. गॅसचे पैसे, मोफत दुरुस्ती, मनस्ताप आणि खर्चाची भरपाई, हे मागणं रास्त आहे. कंप्रेसर खरंच बिघडला असेल तर तोही मागा. मात्र दोष फोर-वे व्हॉल्व्हमध्ये निघाला तर अडचण येईल. तो अर्धवट अडकला की जास्त दाबाचा गॅस आतल्या आत कमी दाबाकडे गळतो आणि लक्षणं थकलेल्या कंप्रेसरसारखीच दिसतात. वॉरंटी कार्डावर फक्त ‘कंप्रेसर’ लिहिलं असेल तर व्हॉल्व्ह त्यात धरत नाहीत. कार्डावरची बारीक अक्षरं आजच वाचा.

म्हणून तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय पुढे जाऊ नका. दोषासाठी तपासणी लागत असेल तर कलम ३८ मध्ये तशी सोय आहे. एसी काही प्रयोगशाळेत नेता येत नाही, तेव्हा शासकीय तंत्रनिकेतनातल्या तज्ज्ञाने घरी येऊन पाहावं असा अर्ज करा. त्याची फी आधी तुम्हालाच भरावी लागू शकते.

आधी विक्रेता, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर या तिघांना नोटीस पाठवा. पंधरा दिवस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, पण तिथे तक्रार केली म्हणून मुदत थांबत नाही. दावा दोन वर्षांत दाखल व्हावा लागतो. पहिल्यांदा गॅस भरल्याला चौदा महिने झाले, म्हणजे त्या तारखेपासून धरलं तर दहाच महिने उरलेत. तुम्ही नाशिकला राहता, त्यामुळे तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर आयोगाची फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तोवर चौथ्यांदा गॅस भरू देऊ नका, पुरावाच बदलून जाईल. वडिलांना थंडीत ठेवू नका. ऑइल हीटर आणावा लागला तर त्याची पावती नोटिशीच्या फायलीत लावा, तो खर्च भरपाईत मागता येईल.